साडेपाचची बॅच

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सातच्या सुमाराला पुण्या-मुंबईतल्या बहुतेक जिममध्ये ट्रेडमिलसाठी ताटकळावं लागतं. होळीपर्यंत हवी ती मशीन हवी तेव्हा मिळायला लागते. हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून अधिक मोजावे लागत होते. त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता, तर खेपेला १० डॉलर पडले असते. ही माणसं हिशेबात कच्ची होती असं नाही. फी भरताना आपण नेमाने येऊ असं त्यांना मनापासून वाटत होतं.

ट्रेनरने यातून पहिली गोष्ट घ्यावी ती ही, की फी भरायला काउंटरशी उभा असलेला माणूस आळशी नसतो. त्या दिवशी त्याची इच्छा शंभर टक्के खरी असते. ती तीन-चार आठवड्यांत का विरते आणि ट्रेनरच्या हातात त्यातलं काय असतं, ते या प्रकरणात पाहू. ट्रेनरचा स्वतःचा उत्साह कशाने टिकतो, हा प्रश्नही ओघाने येईलच. जिमच्या धंद्यात या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा केला जातो. माझ्या मते त्या एकाच मुळावर उभ्या आहेत.

जिममध्ये 'मोटिव्हेट करणं' कशाला म्हणतात, ते फ्लोअरवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी समजतं. "कम ऑन सर, लास्ट टू! सोडायचं नाही!" गाण्यांचा आवाज वाढतो, क्लायंटचा चेहरा लाल होतो आणि शेवटचे दोन रेप निघतात. त्या सेटपुरता याचा उपयोग होतो, हे नाकारायचं कारण नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे गजर वाजतो तेव्हा ओरडणारा ट्रेनर उशाशी नसतो. त्या वेळी क्लायंटचं स्वतःचं असं जे काही शिल्लक असतं, तेच त्याला अंथरुणातून बाहेर काढतं.

एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे फार कामाचा आहे. त्याने विद्यार्थ्यांना 'सोमा' नावाच्या ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. कोडं मजेशीर होतं, मुलं आनंदाने खेळत. मग एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या बैठकीत तो बंद केला. दर बैठकीत मध्येच प्रयोग घेणारा काही मिनिटं खोलीबाहेर जाई. टेबलावर मासिकं असत, मुलांनी काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. पैसे मिळून बंद झालेल्या मुलांचं या मोकळ्या वेळात ठोकळ्यांशी खेळणं आधीपेक्षा कमी झालं. ज्यांना कधीच पैसे दिले नव्हते, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. मनापासून केलेलं कौतुक मात्र असं नुकसान करत नाही, हेही डेसीला आढळलं.

पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी या धाग्यावरून एक मोठा सिद्धान्त उभा केला. त्यांच्या मते माणसाची आतली ओढ तीन गोष्टींवर पोसली जाते: हे मी स्वतः ठरवलं आहे असं वाटणं, हे मला जमतंय असं वाटणं, आणि इथे मला ओळखणारी, माझी कदर करणारी माणसं आहेत असं वाटणं. गेल्या चार दशकांत व्यायामाच्या संदर्भात या मांडणीची पुष्कळ तपासणी झाली आहे. लाजेपोटी किंवा दडपणाखाली सुरू केलेला व्यायाम लवकर सुटतो आणि स्वतःच्या इच्छेतून व मूल्यांतून आलेला जास्त टिकतो, हे त्यात वारंवार दिसलं.

आपल्या क्लायंटकडे या नजरेने पाहिलं तर पहिल्या दिवशी सांगितली जाणारी कारणं उसनी असतात हे लक्षात येतं. 'डॉक्टर म्हणाले', 'बायको मागे लागली', 'मुलाचं लग्न आहे, फोटो चांगले यायला हवेत'. अशी कारणं वाईट नसतात, गाडी सुरू करायला ती पुरतात. पण लग्न पार पडतं, शुगरचा रिपोर्ट बरा येतो आणि कारण संपतं. त्याआधी क्लायंटला स्वतःचं कारण सापडावं लागतं, आणि ते सापडायला मदत करणं हे ट्रेनरच्या कामातलं सगळ्यात नाजूक कौशल्य आहे.

हे कौशल्य दुसऱ्याच क्षेत्रात विकसित झालं. विल्यम मिलर हा मानसशास्त्रज्ञ दारूच्या व्यसनातल्या लोकांवर उपचार करत असे. समुपदेशक जितका जोर लावून 'सोड' म्हणतो, तितका समोरचा 'का सोडू नये' याची बाजू लढवतो, हे त्याने पाहिलं. माणूस स्वतःच्या तोंडून जी बाजू मांडतो, तिच्याकडे झुकत जातो. म्हणून बदलाची बाजू समुपदेशकाने मांडायचीच नाही, असे प्रश्न विचारायचे की ती समोरच्याच्या तोंडून यावी. १९८३ साली मिलरने हे लिहिलं आणि १९९१ साली स्टीफन रोलनिकबरोबर त्यावर पुस्तक केलं. आज मधुमेहापासून व्यायामापर्यंत अनेक ठिकाणी ही पद्धत वापरतात.

ती प्रत्यक्षात कशी दिसते? समजा, बँकेत नोकरी करणाऱ्या चोपन्न वर्षांच्या बाई पहिल्यांदाच जिममध्ये आल्या आहेत. ट्रेनर त्यांच्या मुलाच्या वयाचा आहे, तरी त्या त्याला 'सर' म्हणतात आणि तो त्यांना 'मॅडम'.

"मॅडम, आत्ताच का यावंसं वाटलं?"

"डॉक्टरांनी सांगितलं. शुगर बॉर्डरवर आहे म्हणे."

"ते डॉक्टरांचं झालं. रोजच्या जगण्यात तुम्हाला स्वतःला काय अडतंय?"

बाई थोडा वेळ काही बोलत नाहीत. इथेच बहुतेक ट्रेनर घाई करतात आणि डाएटचा कागद पुढे सरकवतात. थांबायला हवं.

"खरं सांगू का सर? खाली बसले की उठताना हात टेकावा लागतो. हळदीकुंकवाला सगळ्या खाली बसतात, मी खुर्ची मागते. बरं नाही वाटत."

"हे बदलायला हवं असं दहापैकी किती वाटतं?"

"सहा."

"सहा? चार का नाही म्हणालात?"

हा शेवटचा प्रश्न नीट पाहण्यासारखा आहे. 'दहा का नाही' असं विचारलं असतं, तर बाईंनी अडचणी मोजल्या असत्या: वेळ नसतो, गुडघे कुरकुरतात, सुनेचं बाळंतपण आलंय. 'चार का नाही' असं विचारल्यावर त्यांना आपल्या इच्छेची बाजू मांडावी लागते. "कारण अजून सहा वर्षं नोकरी आहे, आणि नातवंडाला घेऊन जमिनीवर खेळायचंय मला." आता ट्रेनरला काही पढवायची गरज उरली नाही. ध्येयही ठरलं: हात न टेकता जमिनीवरून उठणं. वजनकाट्यावरच्या आकड्यापेक्षा हे ध्येय शतपटीने चांगलं, कारण ते बाईंचं आहे आणि त्याची वाट पायरी-पायरीने आखता येते.

ही वाट मला जरा तपशिलात सांगायची आहे, कारण 'जमतंय' ही भावना भाषणाने येत नाही, ती अशा आखणीतून येते. सुरुवात उंच बाकावरून बसून उठण्याने होते. हात छातीशी, पाय खांद्याइतके फाकलेले, टाचा जमिनीला घट्ट. बाकावर दोन जाड रबरी मॅट ठेवल्या की उंची वाढते आणि पहिल्याच दिवशी आठ वेळा उठणं जमतं. दुसऱ्या आठवड्यात एक मॅट काढायची, मग दुसरी. नंतर बुटकं स्टूल. मग एक पाय पुढे घेऊन अर्ध्या गुडघ्यावर बसणं, सुरुवातीला भिंतीचा आधार घेऊन. प्रत्येक टप्पा वहीत तारखेसह लिहायचा, आणि तोही बाईंच्या हातून.

सुरुवातीच्या आठवड्यांत निसर्गही मदत करतो. नव्याने वजन उचलणाऱ्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, पण स्नायू तेवढे वाढलेले नसतात. मेंदू आणि मज्जातंतू आहे त्या स्नायूंना जास्त संख्येने आणि जास्त नेमकेपणाने कामाला लावायला शिकतात, त्याचा हा परिणाम. मोरितानी आणि डीव्हरीज यांनी १९७९ साली हे मोजून दाखवलं, आणि स्नायूंची प्रत्यक्ष वाढ त्यानंतर मुख्य भूमिका घेते हेही. म्हणजे आरशात आणि काट्यावर काहीच दिसत नसतं, नेमका तोच काळ ताकदीच्या वहीत सगळ्यात घसघशीत प्रगतीचा असतो. ज्या जिममध्ये पहिल्या महिन्याची मोजदाद फक्त वजनकाट्यावर होते, तिथे क्लायंटला 'काही होत नाहीये' असं वाटतं, आणि ते खोटं असतं. घरात सिलिंडर सरकवताना, तिसऱ्या मजल्यावर भाजी घेऊन चढताना फरक पडला का, हे ट्रेनरने आवर्जून विचारावं. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली आत्मविश्वासाचे चार स्रोत मांडले. त्यांत स्वतः करून मिळवलेलं यश पहिल्या क्रमांकावर आहे, दुसऱ्याने दिलेली शाबासकी बरीच मागे.

पहिल्या दिवशी क्लायंटला 'फोडून काढायची' प्रथा यासाठीच घातक आहे. दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला नाही म्हणजे वर्कआउट भारी झाला, ही समजूत ट्रेनर आणि क्लायंट दोघांत रुजलेली आहे. पँटेलेइमॉन एक्केकाकिस यांचं अनेक वर्षांचं संशोधन सांगतं की श्रम एका मर्यादेपलीकडे गेले, म्हणजे धाप लागून बोलणं अवघड झालं, की बहुतेकांना त्या क्षणी बरं वाटेनासं होतं, आणि नवख्यांची ही मर्यादा फार लवकर येते. व्यायाम करताना कसं वाटलं यावरून पुढच्या सहा आणि बारा महिन्यांत माणूस किती हालचाल करेल याचा अंदाज येतो, असं डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं. तेव्हा पहिला महिना 'अजून थोडं करता आलं असतं' या भावनेवर संपवावा. गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, एवढंच मागतात.

इच्छा आणि जमण्याची खात्री दोन्ही असूनही माणूस येत नाही असंही होतं. त्यावरचा उपाय आश्चर्य वाटावं इतका साधा आहे. सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी २००२ साली ब्रिटनमधल्या २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पुढच्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं जोरकस व्यायाम करायचा होता. काहीच मदत न मिळालेल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी तो केला. दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो हे वाचायला दिलं होतं. तिथे ३५ टक्के. तिसऱ्या गटाने ते वाचलंच, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे कागदावर लिहिलं. तिथे ९१ टक्के. म्हणजे नुसत्या माहितीने काही हाललं नाही, वार-वेळ-जागा ठरवल्याने सगळं हाललं. 'उद्यापासून नक्की' म्हणणाऱ्या क्लायंटला "मंगळवारी साडेपाचच्या बॅचला, कपडे रात्रीच खुर्चीवर काढून" एवढं स्वतःच्या हाताने लिहायला लावणं हे दहा प्रेरणादायी व्हिडिओंपेक्षा जास्त काम करतं.

आता त्या साडेपाचच्या बॅचसाठी क्लायंटच्याही आधी उठणाऱ्या माणसाकडे वळू.

जिम ट्रेनरचा दिवस दुभंगलेला असतो. पहाटे पाचला शटर वर, दहा-साडेदहापर्यंत क्लायंट, मग दुपारची पोकळी आणि पुन्हा पाच ते रात्री दहा. झोप तुकड्यातुकड्यांत. बहुतेक ठिकाणी मूळ पगार बेताचा, पर्सनल ट्रेनिंगवर कमिशन आणि महिनाअखेरीला रिन्युअलचं टार्गेट. या धंद्यात आलेली बहुतेक मुलं व्यायामाच्या वेडापायी आलेली असतात. कॉलेजात असताना कुणी न सांगता तास न् तास लोखंड उचललेलं असतं. मग तेच वेड पोटापाण्याचं साधन होतं आणि डेसीच्या ठोकळ्यांसारखं काहीतरी घडायला लागतं. स्वतःचा व्यायाम हा रीलसाठीचा, किंवा 'ट्रेनरची बॉडी हेच त्याचं व्हिजिटिंग कार्ड' म्हणून करायचा उपचार होतो. दिवसभर आठ-दहा जणांना उसना उत्साह वाटून झाला की दुपारी स्वतःसाठी दंड-बैठकाही नको वाटतात. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

क्लायंटला लागणाऱ्या तीन गोष्टी ट्रेनरलाही लागतात, आणि आजच्या जिममध्ये त्या त्याला जवळजवळ मिळत नाहीत. कार्यक्रम मॅनेजमेंट ठरवतं, कौशल्य वाढवायला वेळ मिळत नाही, आणि टार्गेटमुळे सोबतचा ट्रेनर प्रतिस्पर्धी होतो. यातलं तिसरं मला सगळ्यात जास्त खुपतं. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतली शिस्त आठवा. पहाटे सगळे एकत्र उठतात, जोडीदाराला धरून मेहनत करतात, आखाड्याची माती एकत्र खणतात, आणि वस्तादाचं लक्ष थोरल्या पैलवानापासून काल आलेल्या पोरापर्यंत सगळ्यांवर असतं. तालमीतलं जगणं कष्टाचं आहे, त्याला सोनेरी मुलामा द्यायला नको. पण तिथे पहाटे उठण्यासाठी कुणाला वेगळी प्रेरणा शोधावी लागत नाही, कारण शेजारचा उठलेला असतो. जिमच्या मालकांनी ट्रेनरांच्या टार्गेटपैकी निदान काही भाग सामायिक केला आणि दुपारचा एक तास ट्रेनरांच्या एकत्र व्यायामासाठी राखला, तर खर्च फारसा येणार नाही.

ट्रेनरच्या स्वतःच्या सरावाबद्दल औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. १८६८ साली जन्मलेले हे राजेसाहेब तरुणपणी युजीन सँडोच्या पद्धतीचा व्यायाम करत. तो त्या काळचा जगभर गाजलेला प्रकार. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले, स्वतः रोज घालू लागले, घरच्यांनाही त्यात ओढलं, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले आणि त्यावर पुस्तकं लिहिली. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघालं. प्रचार नंतर आला. आधी स्वतःचा प्रकार सोडून, दुसरा निवडून, तो अंगी मुरवणं झालं. ट्रेनरनेही कॅमेऱ्याबाहेरचा, कुणाला विकायचा नसलेला असा एक व्यायाम स्वतःसाठी राखावा. त्यात तो नवशिका असेल तर उत्तमच. पॉवरलिफ्टिंग करणाऱ्याने पोहायला शिकावं, धावणाऱ्याने मल्लखांबाला हात घालावा. पाण्यात तोंड बुडवताना छातीत जी धडधड होते, तीच पहिल्यांदा स्क्वॉट रॅकखाली उभं राहणाऱ्या क्लायंटला होत असते. ती स्वतःच्या अंगावर आली की सूचना देतानाचा आवाज आपोआप मऊ होतो. शिकण्याचा आनंदही परत मिळतो.

खंडाचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण खंड पडणारच. गणपती, दिवाळी, घरातलं लग्न, बँकेतली मार्चअखेर, डेंग्यू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तेव्हा एखादी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत बदलत होता. 'एकवीस दिवसांत सवय' या पोस्टरांना त्यात काही आधार सापडत नाही. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याला फारशी बाधा येत नाही, हेही त्याच अभ्यासात आढळलं. नुकसान होतं ते चुकल्याच्या लाजेने. दोन आठवडे न आलेला क्लायंट तिसऱ्या आठवड्यात जिमसमोरून जाताना मान वळवतो.

२०२१ साली अमेरिकेत ६१,२९३ जिम सभासदांवर केलेला एक प्रचंड प्रयोग 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी चार-चार आठवड्यांच्या ५४ वेगवेगळ्या युक्त्या एकाच वेळी तपासल्या. सगळ्यांत प्रभावी ठरलेल्या कार्यक्रमात खाडा झाल्यावर परत येणाऱ्याला छोटंसं, काही सेंटांचं, बक्षीस होतं. त्याने जिमला येणं २७ टक्क्यांनी वाढलं. बहुतेक युक्त्यांचा परिणाम मात्र चार आठवडे संपताच ओसरला. तेव्हा बक्षिसाच्या नादी न लागता त्यातलं मर्म उचलावं: सगळा जोर परतण्याच्या क्षणावर द्यावा.

म्हणून 'कुठे गायब?' असा मेसेज पाठवू नये. "मॅडम, गुरुवारी साडेपाचला मी आहे, अर्धाच तास करू" एवढा पुरे. त्या आल्या की खाड्याची चौकशी लांबवायची नाही. बाकावर पुन्हा एक मॅट ठेवायची, दोनच सेट घ्यायचे. कमावलेली ताकद परत मिळवायला पहिल्याइतका वेळ लागत नाही, हे त्यांना सांगायचं आणि पुढच्या दोन आठवड्यांत त्यांच्याच वहीत दाखवायचं. निघण्यापूर्वी पुढचा वार आणि वेळ त्यांनी स्वतः लिहावी. स्वतःचा सराव तुटलेल्या ट्रेनरनेही याच क्रमाने परतावं, फक्त त्याचा मेसेज दुसऱ्या एखाद्या ट्रेनरने पाठवायला हवा.